जुन्या ऑपेराची तबकडी खालून वर कशी ऐकायची

सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोंतेवेर्दीपासून अठराव्या शतकातल्या हँडेलपर्यंतच्या संगीतकारांच्या ऑपेरांतल्या निवडक आरिया आणि ओव्हर्चर एकत्र करून त्या काळच्या वाद्यांवर वाजवलेल्या तबकड्या आता फोनवर हव्या तितक्या मिळतात. ख्याल, नाट्यगीत ऐकणारा माणूस कुतूहलाने एखादी लावतो. तीन-चार गाण्यांत सगळं एकसारखं वाटायला लागतं आणि तो मुकाट्याने परत आपल्या भीमपलासीकडे वळतो. माझ्या मते अडचण एकच असते. आपण गाणाऱ्याच्या गळ्याचं बोट धरून चालतो. हे संगीत मात्र तळाच्या स्वरांवर उभं केलेलं आहे, वरचा गळा त्यावर खेळतो. म्हणून ते खालून वर ऐकायचं. जुन्या वाद्यांवरच्या ध्वनिमुद्रणात तळ स्पष्ट ऐकू येतो, हाच त्यांचा मोठा फायदा. पुढे जो क्रम दिला आहे तो त्या हिशेबाने आहे, तबकडीवरचा क्रम काहीही असो.

दोन शब्द आधी. आरिया म्हणजे पात्र कथानक थांबवून एका भावनेवर गातं ते गाणं. ओव्हर्चर म्हणजे पडदा उघडण्याआधीचं वाद्यवृंदाचं वादन.

आधी फोन नीट लावा

शफल बंद. क्रॉसफेड बंद, नाहीतर एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यात घुसते. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय ॲपमध्ये असेल तर तीही बंद करा. चार तुताऱ्यांचं ओव्हर्चर आणि थिओर्बो नावाच्या एका मृदू तंतुवाद्याच्या साथीचं गाणं यांचा आवाज सारखा असणं कुणालाच अपेक्षित नव्हतं.

फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकू नका. तो खालचे स्वर गिळून टाकतो, आणि आपल्याला तेच हवे आहेत. साधे वायरचे हेडफोन पुरतात. पंखा कमी करता आला तर बरं, कारण थिओर्बो हे लांबलचक मानेचं, खर्जाच्या मोकळ्या तारांचं ल्यूटच्या घराण्यातलं वाद्य मुळातच मृदू आहे. आवाजाची पातळी गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरवा, हार्प्सिकॉर्डवरून नव्हे. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की तार खुडली जाते. पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही. खोलीत बसून ऐकलं तर हे वाद्य नाजूकच वाटतं. तबकडीत ते कानाशी खणखणत असेल, तर मायक्रोफोन फार जवळ ठेवला होता असं खुशाल समजा.

पुस्तिका वाचा, निदान तिची शेवटची पानं

तबकडीसोबत येणारी पुस्तिका स्ट्रीमिंग ॲपवर बहुधा नसते, पण ध्वनिमुद्रण कंपनीच्या संकेतस्थळावर अनेकदा फुकट मिळते. पहिल्या पानांवरचा निबंध मागाहून वाचा. आधी वादकांची यादी काढा. प्रत्येकाच्या नावापुढे वाद्य, ते कुणी बनवलं, कोणत्या जुन्या नमुन्यावरून बनवलं, असं लिहिलेलं असेल तर मंडळी गंभीर आहेत. ही वाद्यं बहुतेक वेळा जुन्या नमुन्यांच्या नव्या प्रतिकृती असतात आणि त्यात काही गैर नाही. ‘जुन्या शैलीत’ आणि ‘जुन्या वाद्यांवर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र तपासा. आजच्या वाद्यांवर कमी कंप देऊन वाजवलं की शैली जुनी होते, आवाज होत नाही.

आवाज बदलतो तो वस्तूंमुळे. व्हायोलिनला सारंगीला असते तशी तात असते, पोलादी तार नाही. गज बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेला असतो, आजचा आत वाकलेला असतो. या जुन्या गजाचा जोर टोकाकडे कमी होत जातो, म्हणून प्रत्येक लांब स्वर उमलतो आणि विरतो, आणि दोन स्वरांमध्ये थोडी हवा राहते. त्या फटींतूनच तळाचे स्वर वर येतात. बासरी लाकडी, एकाच चावीची. ट्रंपेट आणि हॉर्नला झडपा नाहीत, म्हणजे नळीत निसर्गतः जे स्वर असतात तेवढेच मिळणार. एक गंमत इथेच सांगतो: आज ‘नॅचरल’ म्हणून वाजवल्या जाणाऱ्या अनेक ट्रंपेटना सूर सांभाळायला छोटी भोकं पाडलेली असतात, आणि ती भोकं विसाव्या शतकातली सोय आहे. भोकं नसलेलं ट्रंपेट वाजवणारे लोक ते पुस्तिकेत आवर्जून सांगतात, आणि सांगावंच.

पट्टी ओळखा

पुस्तिकेत कुठेतरी ‘ए = ४१५’ असा आकडा असतो, म्हणजे ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४१५ कंपनांवर लावलेला. आजची प्रमाण पट्टी ४४०. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर ‘ए’ म्हणजे पांढरी सहा. ४१५ ला तीच पांढरी सहा काळी चारच्या जागी उतरते. फ्रेंच ऑपेरासाठी अनेकजण ३९२ घेतात, म्हणजे पूर्ण एक स्वर खाली, पांढरी पाचवर. मोंतेवेर्दीच्या इटलीसाठी उलट ४६५ च्या आसपास, म्हणजे काळी पाच.

हे कानाने तपासता येतं. हँडेलच्या ‘रिनाल्दो’मधलं ‘लाश्शा किओ पियांगा’ बहुतेक तबकड्यांवर असतंच. हा ऑपेरा लंडनला २४ फेब्रुवारी १७११ रोजी रंगमंचावर आला. गाणं छापील हिशेबाने पांढरी चारमध्ये आहे. तानपुऱ्याचं ॲप पांढरी चारला लावून पाहा. ते जुळलं तर ४४० ची पट्टी. षड्ज पांढरी तीनला जुळला तर ४१५. हा खटाटोप कशासाठी? अर्धा स्वर खाली आलं की गाणाऱ्याला वरच्या जागांवर ओढाताण करावी लागत नाही, तातेवरचा ताण कमी होतो, आणि सगळ्याच आवाजाला काळसर झाक येते. काही तबकड्या ‘उदास’ वाटतात त्यात भावनेइतकाच पट्टीचाही वाटा असतो.

‘हीच खरी जुनी पट्टी’ असं कुणी म्हणालं तर फार मनावर घेऊ नका. त्या काळी गावागणिक पट्टी वेगळी होती. ४१५ ची निवड बरीचशी सोयीची आहे: ती ४४० च्या बरोबर अर्धा स्वर खाली येते, त्यामुळे हार्प्सिकॉर्डचा कीबोर्ड एक तार सरकवला की त्याच वाद्यावर दोन्ही पट्ट्या वाजतात.

पहिलं गाणं: पर्सेलची डायडो

कुठल्याही तबकडीत हे असेल तर आधी हेच लावा. नसेल तर वेगळं शोधून लावा. हेन्री पर्सेलच्या ‘डायडो अँड ईनिअस’चा आपल्याला माहीत असलेला सर्वांत जुना प्रयोग १६८९ च्या सुमाराचा, लंडनजवळच्या चेल्सीत, जोसायस प्रीस्ट नावाच्या नृत्यशिक्षकाच्या मुलींच्या शाळेत. कार्थेजची राणी डायडो, तिला सोडून निघालेला ईनिअस, आणि मरणाआधी तिने गायलेलं ‘व्हेन आय ॲम लेड इन अर्थ’.

गाणं सुरू होण्याआधी तळाचा स्वर एकटा येतो. तो सरगमीत असा म्हणता येतो: सा, शुद्ध नि, कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध, प. म्हणजे षड्जापासून खालच्या पंचमापर्यंत एकेक अर्धा स्वर पायरी उतरायची, मग थोडं वळून पुन्हा साला यायचं. तीन मात्रांचे पाच खंड, एकूण पंधरा मात्रा. हेच आवर्तन गाणं संपेपर्यंत फिरत राहतं, तबल्याच्या सोलोला धरलेल्या लेहऱ्यासारखं.

पहिल्या खेपेला गाणारीकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि ओठांतल्या ओठांत सरगम म्हणत पंधरा मात्रा मोजा. दुसऱ्या खेपेला मोजणं चालू ठेवून फक्त एवढं पाहा की गाणारीची ओळ कुठे संपते. ती आवर्तनाच्या सुरुवातीला संपत नाही. तळ नव्याने सुरू होतो तेव्हा तिचं वाक्य अर्ध्यावर असतं, आणि ती थांबते तेव्हा तळ चालूच असतो. पर्सेलने हे मुद्दाम केलं आहे. राणी नशिबाशी जुळवून घेत नाही आणि नशीबही तिच्यासाठी थांबत नाही, हे त्याने शब्दांवर न टाकता हिशेबावर टाकलं. तिसऱ्या खेपेला मग गळा ऐका. ‘रिमेंबर मी’ हे शब्द येतात तिथे सुरावट जवळजवळ थांबते, एकाच पंचमावर ती तेवढंच म्हणत राहते. तिने गाणं संपवल्यावर वरच्या व्हायोलिनांमध्येही तीच पायरी-पायरीची उतरंड येते. जे तळात होतं ते शेवटी वर पोहोचतं.

आता हेच गाणं एखाद्या मोठ्या आधुनिक वाद्यवृंदासोबतच्या जुन्या मुद्रणात ऐका. बहुधा चाल फार संथ असेल आणि तळाचे स्वर एकमेकांत विरघळून जाड साय आलेली असेल. गाणारी कदाचित जास्त मोठी कलाकार असेल. पण पंधरा मात्रा मोजायला तुम्हाला कष्ट पडतील.

साथ नेमकी कोण करतंय

या काळातल्या स्वरलिपीत अनेकदा गाण्याची ओळ आणि तळाची ओळ एवढंच असतं. तळाच्या ओळीवर काही आकडे लिहिलेले असतात. मधलं सगळं वादकाने त्या आकड्यांवरून जागच्या जागी रचायचं. या साथीला कंटिन्यूओ म्हणतात. चेलो किंवा व्हिओला दा गांबा (चेलोसारखंच गुडघ्यांत धरून वाजवायचं जुनं तंतुवाद्य) तळाचा स्वर धरते, हार्प्सिकॉर्ड, थिओर्बो, छोटा ऑर्गन किंवा हार्प वरचे स्वर भरतात. म्हणून एकाच गाण्याची दोन मुद्रणं साथीत कधीच सारखी नसतात, आणि तबकडीचा दर्जा मी तरी आधी कंटिन्यूओवरून जोखतो. साथीदार प्रत्येक मात्रेवर सारखं ठोकत असेल तर गाणारा कितीही चांगला असला तरी तबकडी लवकर शिळी होते. चांगला साथीदार शब्द पाहून हात आखडता घेतो, कधी तर तळाचा एकच स्वर देऊन गप्प बसतो.

ओव्हर्चर: फ्रेंच की इटालियन

दोन साचे ओळखता आले की निम्मं काम झालं. फ्रेंच साचा ल्यूलीने पक्का केला. हा मूळचा फ्लॉरेन्सचा, पण चौदाव्या लुईच्या दरबारात संगीताचा सर्वेसर्वा झाला. सुरुवात संथ आणि भारदस्त: लांब स्वर, मग लगेच झटका देऊन छोटा स्वर, पुन्हा लांब. मग वेगवान भाग, ज्यात एक वाद्य सुरावट सुरू करतं आणि बाकीची एकामागून एक तीच घेऊन शिरतात. ऐकताना बोटाने लांब-छोट्या स्वरांचा झटका धरा. छोटा स्वर किती उशिरा आणि किती आखूड वाजवायचा यावर या क्षेत्रातल्या लोकांनी दशकानुदशकं वाद घातले आहेत. तुम्ही फक्त पाहा की झटक्यानंतर हवा राहते का. राहत असेल तर मिरवणूक चालते, नाहीतर रणगाडा.

इटालियन साचा जलद-संथ-जलद. अलेस्सांद्रो स्कार्लात्तीच्या ऑपेरांमुळे तो रूढ झाला आणि पुढे सिंफनीकडे जाणारी एक वाट त्यातूनच निघाली. या दोन शैलींत किती अंतर होतं याचा एक किस्सा हँडेलच्या पहिल्या चरित्रकाराने सांगितला आहे. १७०७ मध्ये रोमला हँडेलच्या एका रचनेचं ओव्हर्चर वाजवताना खुद्द कोरेल्ली, म्हणजे इटलीतला अव्वल व्हायोलिनवादक, अडखळला. हँडेलने त्याच्या हातातून व्हायोलिन घेऊन वाजवून दाखवलं. कोरेल्ली शांतपणे म्हणाला की हे फ्रेंच पद्धतीचं आहे, आणि ती मला समजत नाही. हँडेल तेव्हा बावीस वर्षांचा होता.

दोन्ही साच्यांच्या बाहेरची दोन टोकंही ऐका. एक, मोंतेवेर्दीच्या ‘ल’ओर्फेओ’च्या सुरुवातीची टोकाटा. पडदा उघडण्याआधी ती तीन वेळा वाजवावी अशी छापील सूचना आहे. तळात एकच स्वर धरून ठेवलेला, वर ट्रंपेटांचा गजर. तानपुरा ऐकलेल्या कानाला हा धरलेला षड्ज लगेच ओळखू येईल. मोंतेवेर्दीला ती इतकी आवडली की १६१० च्या ‘व्हेस्पर्स’मध्ये त्याने तीच चर्चमध्ये नेली. दुसरं, फ्रेंच संगीतकार रामोच्या १७४८ च्या ‘झाइस’चं ओव्हर्चर. ते कापडाने दबवलेल्या ढोलाच्या ठोक्याने सुरू होतं. सृष्टीआधीच्या गोंधळातून महाभूतं (युरोपीय कल्पनेत ती चारच) सुटी होताना दाखवायची आहेत, म्हणून वाद्यं तुटक तुटक, अनपेक्षित जागी उठतात. १७४८ साली हे ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

गंधार तपासा

हा भाग मराठी कानाला युरोपीय कानापेक्षा सोपा जावा. पेटीचा गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, हे आपल्याकडे गाणं शिकणाऱ्याला माहीत असतं. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्याचा तो परिणाम. अर्ध्या स्वराचे शंभर भाग मानले तर सुमारे चौदा भागांचा फरक. याच कारणावरून वाद होऊन पेटी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीच्या बाहेर राहिली.

मोंतेवेर्दीच्या काळी हार्प्सिकॉर्ड आणि ऑर्गन अशा रीतीने मिळवत की पंचम किंचित उतरा राहतो, पण गंधार शुद्ध लागतो. तबकडीत ऑर्गनने धरलेला लांब स्वरसमूह शोधा, बहुतेक वेळा गाण्याच्या शेवटी असतो. त्यातला गंधार थरथरत नसेल, एका जागी स्वस्थ बसला असेल, तर वाद्य जुन्या पद्धतीने मिळवलं आहे. या पद्धतीची किंमतही आहे: मूळ स्वरापासून फार लांब गेलं की काही स्वरसमूह चक्क आंबट लागतात. संगीतकार तो आंबटपणा दुःखाच्या शब्दांवर वापरतात. तिथे तबकडी बेसूर झाली असं समजू नका.

परत येणारं गाणं

हँडेलच्या काळातल्या बहुतेक आरियांचा साचा ‘दा कापो’, म्हणजे पहिल्यापासून. पहिला भाग, वेगळ्या भावाचा छोटा दुसरा भाग, मग पहिला भाग पुन्हा. पुन्हा येणारा भाग लिहिलेला नसतो, कारण तिथे गाणाऱ्याने स्वतःच्या जागा घ्यायच्या असतात. पहिल्या खेपेला सुरावट साधी ऐका आणि निदान पहिली ओळ लक्षात ठेवा. परत येईल तेव्हा तीच ओळ शेजारी ठेवून तुलना करा.

यासाठी हँडेलच्या ‘जुलिओ चेझारे’ (ज्यूलियस सीझर) या ऑपेरामधलं ‘वा ताचितो ए नास्कोस्तो’ घ्या. लंडन, १७२४. सीझर इजिप्तच्या तोलोमेओला ऐकवतोय की हुशार शिकारी चुपचाप, लपूनछपून जातो. शिकारीचं वाद्य म्हणून सोबत एक हॉर्न. झडपा नसलेल्या हॉर्नवर नळीचेच स्वर मिळतात, त्यामुळे सुरावट त्या स्वरांतच बेतलेली आहे, आणि तीच सुरावट सीझर गातो. तीन गोष्टींवर कान ठेवा: तळाची दबकी पावलं, हॉर्नचा एखादा किंचित तिरका स्वर (तो वाद्याचा धर्म आहे, वादकाची चूक नव्हे), आणि परतीच्या भागात हॉर्न आणि गळा एकमेकांच्या जागा उचलतात की नाही. उचलत असतील तर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दोघं खरोखर एकमेकांचं ऐकत होते. रने याकोब्सने १९९१ मध्ये कन्चेर्तो क्योल्न या वाद्यवृंदासोबत केलेलं या ऑपेराचं संपूर्ण मुद्रण या दृष्टीने सुरुवातीला चांगलं आहे.

परतीच्या जागांबद्दल माझं मत जरा जुनाट आहे. ताना कितीही वेगवान असोत, मूळ ओळ ओळखू येईनाशी झाली तर त्या फुकट गेल्या. विवाल्दीच्या आरियांमध्ये हा मोह फार होतो. १९९९ मध्ये गायिका सेसिलिया बार्तोलीने मिलानच्या इल जार्दिनो आर्मोनिको या वाद्यवृंदासोबत विवाल्दीच्या ऑपेरांतल्या गाण्यांची जी तबकडी काढली, तिच्यात वेग अचाट आहे, आणि तरी ओळ हरवत नाही. आधी तिच्यातली संथ गाणी ऐका.

नायकाचा आवाज बायकी का

सीझरची भूमिका मुळात सेनेसिनो नावाच्या कास्त्रातोने गायली होती. लहानपणी शस्त्रक्रिया करून आवाज फुटू न दिलेले हे पुरुष त्या काळचे सर्वांत महागडे गायक होते. आज त्या भूमिका स्त्रिया गातात किंवा काउंटरटेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारे पुरुष. बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेल्या महाराष्ट्राला गळा आणि पात्र यांची अशी अदलाबदल जड जाऊ नये. मला स्वतःला युद्धाच्या गाण्यांना स्त्रीचा आवाज जास्त पटतो, छातीतला जोर मिळतो म्हणून. उत्सुकता म्हणून शेवटच्या कास्त्रातोंपैकी एक, अलेस्सांद्रो मोरेस्की, याची १९०२ आणि १९०४ ची मुद्रणं जरूर ऐका, पण तो पोपच्या सिस्टीन चॅपेलचा चर्चगायक होता. त्यावरून सेनेसिनोचा अंदाज बांधू नका.

तुकडे झाल्यावर: ‘ल’ओर्फेओ’

निवडक गाण्यांची तबकडी हा उंबरठा आहे. आत जायचं तर पूर्ण ऑपेरा हँडेलचा घेऊ नका, तीन-साडेतीन तासांत धीर सुटतो. मांतुआला १६०७ मध्ये झालेला ‘ल’ओर्फेओ’ घ्या, दोन तासांच्या आत संपतो. निकोलाउस हारनोनकूर्तचं १९६८ चं मुद्रण जुन्या वाद्यांवर वाजवण्याच्या या सगळ्या चळवळीतला मैलाचा दगड. नंतरची अनेक मुद्रणं जास्त सफाईदार आहेत, पण त्यातला नवं काही सापडल्याचा उत्साह दुसरीकडे नाही.

आधी तिसऱ्या अंकातलं ‘पोसेंते स्पिर्तो’ ऐका. मेलेल्या पत्नीला आणायला निघालेला ओर्फेओ पाताळाच्या नावाड्याला, कारोनला, विनवतो. १६०९ च्या छापील प्रतीत या गाण्याच्या दोन ओळी एकाखाली एक दिल्या आहेत, एक साधी आणि एक जागा-हरकतींनी भरलेली. ही प्रत आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. स्वरलिपी वाचता येत नसली तरी उघडा. साधी ओळ मोकळी आणि खालची काळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेली आहे, हे नुसतं पाहिलं तरी गायक काय करतोय ते कळतं. दर कडव्याला वाद्यं बदलतात: आधी दोन व्हायोलिन, मग दोन कॉर्नेट (हे आजचं पितळी कॉर्नेट नव्हे, चामडं गुंडाळलेलं लाकडी वाद्य), मग हार्प. कारोन बोलतो तेव्हा साथीला रीगल, म्हणजे नाकात बोलल्यासारखा खरखरीत छोटा ऑर्गन. एवढं सगळं ऐकून कारोन म्हणतो की गाणं छान आहे, पण मला दया येत नाही. आणि थोड्या वेळाने झोपी जातो. ओर्फेओ त्याचीच नाव घेऊन जातो.

मग दुसरा अंक सलग लावा, मध्ये थांबू नका. ओर्फेओ आणि मेंढपाळ आनंदाने नाचगाणी करतायत, ताल उड्या मारतोय. एक दूती येते, ओर्फेओच्या पत्नीला, युरिदिचेला, साप चावल्याची बातमी घेऊन. ‘आही कासो आचेर्बो’ हे तिचे पहिले शब्द. छापील सूचनेप्रमाणे इथे साथ एका लाकडी ऑर्गनवर आणि थिओर्बोवर येते, बाकीची वाद्यं गप्प होतात. तिच्या शब्दांचा अर्थ नंतर पाहा. आधी तिच्या पहिल्या स्वराखाली तळाचा स्वर कुठून कुठे सरकतो तेवढं ऐका.